फिकट पडलेलं फायबर चमकवा : कमी भांडवलाचा धंदा, पण आधी हिशोब शिका



मालाड पश्चिमेला मार्वे रोडने सरळ जा. मढ, भाटीच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दिसतील. कुठे बोटीचा ट्रेलर उभा असतो, त्याचे मडगार्ड एकेकाळी लालभडक असतात, आता गुलाबी पांढरे. वरून बोट फिरवा, बोटाला खडूसारखी पूड लागते. मालक म्हणतो, "गेलं आता, नवीन टाकू." तिथेच तुमचा धंदा आहे.

आधी समजून घ्या, रंग का उडतो. फायबरवर जेलकोट नावाचा रंगीत थर असतो, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. उन्हातले अतिनील किरण तो थर वरवर खातात. खारा वारा आणि मीठ बाकीचं काम करतात. म्हणजे बहुतेक वेळा फक्त वरची कातडी खराब होते, खालचा रंग शाबूत असतो.

काम घ्यायच्या आधी ओल्या फडक्याची परीक्षा

मडगार्ड ओल्या फडक्याने पुसा. ओलं असताना मूळ रंग परत दिसला, तर पॉलिशने काम होईल. ओलं करूनही पांढरंच राहिलं किंवा काचेचे धागे दिसू लागले, तर जेलकोट संपलाय. तिथे पॉलिश करून पैसे घेऊ नका. पुट्टी, प्रायमर आणि दोन घटकांचा पीयू रंग लागेल, असं स्पष्ट सांगा. "हे पॉलिशने होणार नाही" असं सांगणारा कारागीर लोकांच्या लक्षात राहतो.

कामाची पद्धत

1. साबणाच्या पाण्याने धुवा. मीठ, रेती राहिली तर ओरखडे पडतात. बोल्टाजवळचे गंजाचे डाग आधी काढा.
2. जुनं वॅक्स थिनरच्या फडक्याने पुसा.
3. कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर आधी करून बघा. मालकाला दाखवा, मगच पुढे जा.
4. वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. 800, मग 1000, मग 1500. थर कमी खराब असेल तर थेट 1000 पासून सुरुवात करा.
5. रबिंग कंपाऊंड आणि बफिंग मशीन, कमी वेगावर. मशीन एका जागी थांबवू नका, थर तापतो.
6. शेवटी पॉलिश आणि वॅक्स. वॅक्स नाही लावलं तर चमक काही महिन्यांत उतरते.

मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच. फायबरची धूळ कातडीला खाजवते आणि छातीत जाते. कोरडं घासू नका.

माझी एक चूक सांगतो. सुरुवातीला घाईत मी मडगार्डच्या कडेवरून मशीन फिरवलं. कडेला जेलकोट पातळ असतो, दोन मिनिटांत धागे उघडे पडले. मजुरी सोडली, वर रंगाचा खर्च खिशातून दिला. तेव्हापासून कडा हातानेच.

आता हिशोब

पाहा, नवीन माणूस म्हणतो, "दोन मडगार्डचे पाचशे घेईन." समजा काम चार तासांचं. माल 250, रिक्षा आणि वीज 150. हातात राहिले 100 रुपये, म्हणजे तासाला 25! आता तासाची मजुरी 200 धरा. 800 अधिक 400, झाले 1200. मशीनची झीज आणि नफा धरून 1500 सांगा. आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदलतील, पद्धत बदलायची नाही. नवीन मडगार्डची किंमत आधी विचारून ठेवा. तुमचा दर त्याच्या खाली बसला, तरच गिऱ्हाईक हो म्हणेल.

गिऱ्हाईक कधी आणि कुठे?

राज्यात यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते. होड्या किनाऱ्यावर येतात. बोलणी एप्रिल-मे महिन्यांतच करा. पावसात छपराखाली घासणं जमतं, पण रंगाचं काम दमट हवेत टाळा. वर्षभरासाठी स्कूटरचे फायबरचे भाग, सोसायटीच्या घसरगुंड्या, दुकानाबाहेरच्या मूर्ती आहेतच.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. मशीनसाठी लागलंच तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकतं. पण आधी एखाद्या ओळखीच्याचं मशीन भाड्याने घेऊन पाच कामं करा.

या आठवड्याचा गृहपाठ : भंगारातून एक फिकट फायबरचा तुकडा आणा. अर्धा चमकवा, अर्धा तसाच ठेवा. तो तुकडा हातात घेऊन दहा दारं वाजवा. तुमच्यासाठी तोच व्हिजिटिंग कार्डचं काम करेल. किती जण "हो" म्हणाले, ते मला नक्की कळवा.