रूप सारखे, अर्थ निराळा

मराठीतील 'दिन' आणि 'दीन' या शब्दांत फरक केवळ वेलांटीचा. परंतु पहिल्याचा अर्थ दिवस, तर दुसऱ्याचा गरीब. ऱ्हस्व-दीर्घाची सवय असलेल्या मराठी वाचकाला इंग्रजीतील अशा जोड्यांचे नवल वाटू नये. मात्र तेथे आणखी एक चकवा असतो. काही शब्द विरुद्धार्थी दिसतात, पण असतात समानार्थी.

पेट्रोल वाहून नेणाऱ्या टँकरच्या मागे 'हायली इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले आढळते. 'व्हिजिबल' म्हणजे दिसणारे आणि 'इनव्हिजिबल' म्हणजे न दिसणारे, हे ज्याने शिकून घेतले आहे, तो साहजिकच 'फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारे आणि 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारे, असा हिशेब मांडतो. तर्क सरळ आहे, पण उत्तर चुकते, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : चटकन पेट घेणारे, ज्वालाग्राही. लॅटिन भाषेत 'इन' हा उपसर्ग दोन प्रकारचा आहे. एक नकार दर्शवतो. दुसरा 'आत' हा अर्थ देतो किंवा क्रियेचा जोर वाढवतो. 'इन्फ्लेमेबल'मध्ये हा दुसरा उपसर्ग आहे. या शब्दामुळे गैरसमज होऊ नये म्हणून अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेने १९२०च्या दशकात 'फ्लेमेबल' हाच शब्द वापरावा, असा आग्रह धरला. धोकादायक मालावरील आंतरराष्ट्रीय चिन्हपट्ट्यांवरही आज हाच शब्द असतो. पेट न घेणाऱ्या पदार्थासाठी 'नॉन-फ्लेमेबल' असे लिहितात.

मराठीला हा प्रकार अगदीच परका नाही. 'अमूल्य' या शब्दात नकारार्थी 'अ' आहे, तरी अमूल्य वस्तू कवडीमोलाची ठरत नाही. इंग्रजीतील 'इनव्हॅल्युएबल' हा शब्दही असाच.

याच्या नेमकी उलट स्थिती दवाखान्याच्या कागदावर आढळते. 'हायपर' आणि 'हायपो' हे ग्रीक उपसर्ग घाईत बोलताना सारखेच ऐकू येतात. पण 'हायपर' म्हणजे प्रमाणापेक्षा अधिक आणि 'हायपो' म्हणजे प्रमाणापेक्षा कमी. 'हायपरटेन्शन' म्हणजे वाढलेला रक्तदाब, 'हायपोटेन्शन' म्हणजे उतरलेला. 'हायपोग्लायसेमिया'त रक्तातील साखर घटलेली असते. रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर त्याला ताबडतोब साखर किंवा गोड पेय देतात. 'हायपरग्लायसेमिया'त साखर आधीच वाढलेली असते. तेथे हाच उपाय अपाय ठरतो. म्हणून असा कागद वाचताना 'हायप'नंतर 'ई-आर' आहे की 'ओ', हे अक्षर लावून पाहावे लागते.

'प्रिन्सिपल'च्या बाबतीत तर कानाचा काहीच उपयोग नाही, कारण दोन्ही शब्दांचा उच्चार एकच. शेवटी 'एल-ई' असेल तर अर्थ तत्त्व. 'ए-एल' असेल तर मुख्य, महाविद्यालयाचे प्राचार्य किंवा कर्जाची मुद्दल. बँकेच्या कर्जपत्रात 'इंटरेस्ट' म्हणजे व्याजाच्या शेजारच्या रकान्यात असतो तो हा 'ए-एल'चा शब्द.