मनाच्या दुखण्यासाठी एक फोन

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मनोरुग्णालयांमुळे ही नावे घराघरात दबक्या आवाजात घेतली गेली. तिथली पायरी चढायला माणसे आजही कचरतात.

केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा नेमकी इथे उपयोगी पडते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्यदिनी ती सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक लावला की प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. रात्री-अपरात्री, विनामूल्य, मराठीतही. गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून दिली जाते.

त्याआधीच, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला होता. रुग्णाला साखळीने बांधायला आणि भूल न देता विजेचे झटके द्यायला त्यात स्पष्ट मनाई आहे. एवढी साधी माणुसकी कायद्यात लिहावी लागली, हे मन विषण्ण करते.