कागद विश्वासाचा, अक्षर परक्याचे

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची हकीकत ठाऊक नाही असा मनुष्य महाराष्ट्रात विरळा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांस ठार केले, हा इतिहास. राघोबादादांच्या पत्रातील 'धरावे' या शब्दात आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, ही त्या इतिहासाला चिकटलेली आख्यायिका. ती खरी की खोटी याचा निवाडा इतिहासपंडितांनी करावा. आम्हांस तिच्यातील एका मर्मापुरतेच बोलावयाचे आहे. आख्यायिकेतील गारद्यांनी कागद कोणाकडून आला हे पाहिले. त्यावरील प्रत्येक अक्षर त्याच हाताचे आहे काय, हे पाहण्याची सोय त्यांच्यापाशी नव्हती. कागद दादांचा, म्हणून हुकूमही दादांचा, असे त्यांनी धरले आणि अनर्थ झाला.

आज आपण वीज मंडळाचे बिल, रेल्वेचे तिकीट, बँकेचा व्यवहार, मुलांचा प्रवेशअर्ज असे सारे संकेतस्थळांवरून करतो. या संकेतस्थळांत एक दोष फार दिवसांपासून वावरत आहे व त्याची जात नेमकी हीच आहे. तंत्रज्ञ त्याला 'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग' म्हणतात. नाव अवघड असले तरी गोष्ट अवघड नाही, आणि ती प्रत्येक नागरिकाने समजून घेण्याजोगी आहे. कारण या दोषामुळे ज्याचे नुकसान होते त्याच्या हातून बहुधा कोणतीही चूक घडलेली नसते.

प्रथम संकेतस्थळाचे पान आपल्यापर्यंत कसे येते ते पाहू. आपल्या संगणकात किंवा भ्रमणध्वनीत जो ब्राउझर असतो तो दूरच्या संगणकाकडे पान मागतो. तिकडून येतो तो सलग मजकूर. त्यात आपण वाचावयाची वाक्ये असतात आणि ब्राउझरने पाळावयाच्या आज्ञाही असतात. 'हे ठळक दाखव', 'येथे चित्र घाल', 'ही कळ दाबली की अमुक कर' अशा त्या आज्ञा. वाक्य कोठे संपले व आज्ञा कोठे सुरू झाली हे ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे गणितात आपण 'पेक्षा लहान' म्हणून वापरतो ते टोकदार चिन्ह. ते दिसले की पुढे आज्ञा आहे, असे ब्राउझर समजतो.

आज्ञांमध्ये सर्वांत समर्थ आज्ञा म्हणजे जावास्क्रिप्ट भाषेतील छोटा कार्यक्रम. नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली या भाषेचा पहिला आराखडा सुमारे दहा दिवसांत उभा केला. तोवर केवळ छापील कागदासारखी असलेली पाने तिच्यामुळे हालू-बोलू लागली. पानावरील अक्षरे बदलणे, अर्ज भरणे, आपल्या वतीने दूरच्या संगणकाशी बोलणे, हे सर्व तिला साधते.

आता दुसरी गोष्ट. देवळाबाहेर चपला ठेवल्या की आपल्याला एक बिल्ला मिळतो. परत येताना रखवालदार आपला चेहरा पाहत नाही, बिल्ला पाहतो. संकेतस्थळांचेही असेच आहे. आपण नाव व परवलीचा शब्द एकदा देतो; त्यानंतर प्रत्येक वेळी ओळख पटते ती 'कुकी' नावाच्या बिल्ल्याने. नेटस्केपमध्येच लू माँटुली यांनी १९९४ साली ही युक्ती काढली. बिल्ला ज्याच्या हाती, चपला त्याच्या.

मग कोणतेही भुरटे संकेतस्थळ आपल्या बँकेचा बिल्ला का पळवू शकत नाही? कारण ब्राउझर एक कडक नियम पाळतो: एका घरच्या कार्यक्रमाने दुसऱ्या घरच्या वस्तूला हात लावावयाचा नाही. हा नियम सहसा कोणाला तोडता येत नाही. म्हणून चोर तो तोडण्याच्या भानगडीत पडतच नाही. तो आपली अक्षरे बँकेच्याच पानात मिसळून देतो. मग ब्राउझरच्या दृष्टीने तो घरचाच माणूस ठरतो.

हे कसे घडते? समजा, पुस्तके विकणारे एक संकेतस्थळ आहे. त्यातील शोधाच्या चौकटीत आपण 'बखर' असे लिहिले, तर उत्तराच्या पानावर 'आपण शोधलेला शब्द: बखर' असे येते. म्हणजे आपण दिलेली अक्षरे त्या संस्थेच्या पानात जशीच्या तशी जाऊन बसली. आता कोणी 'बखर' या शब्दाच्या जागी टोकदार चिन्हांत गुंडाळलेला कार्यक्रम लिहिला तर? पान तयार करणाऱ्याने काळजी घेतली नसेल, तर तोही तसाच पानात बसतो आणि ब्राउझर तो चालवू लागतो.

येथे चतुर श्रोता विचारील, की ज्याने लिहिले त्याच्याच संगणकावर ते चालले, त्यात दुसऱ्याचे काय गेले? प्रश्न रास्त आहे. परंतु शोधलेला शब्द पुष्कळदा पानाच्या पत्त्यातच लिहिलेला असतो. चोर तसा तयार पत्ता आपल्याला संदेशातून धाडतो. पत्ता खऱ्याच संस्थेचा असल्यामुळे आपण निःशंकपणे त्यावर बोट ठेवतो. हा झाला परावर्तित प्रकार. आरशावर पडलेला कवडसा उलटून डोळ्यांत यावा तसा. दुसरा प्रकार साठविलेला. यात चोराची अक्षरे संस्थेच्या दप्तरात नाव, पत्ता, तक्रार असे रूप घेऊन मुक्काम करतात आणि जो जो ते पान उघडील त्याच्यापुढे चालतात. तिसऱ्या प्रकारात दूरच्या संगणकाचा दोष नसतो. पानातील स्वतःचाच कार्यक्रम पत्त्यातील अक्षरे उचलून अविचाराने पानात ओततो.

आमच्या अनुभवातील एक लहानशी गोष्ट सांगतो. एका संस्थेच्या चालकांच्या लेखी संमतीने आम्ही त्यांचे संकेतस्थळ तपासीत होतो. तक्रारीच्या चौकटीत आम्ही एक निरुपद्रवी ओळ लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी नित्याप्रमाणे तक्रारी वाचावयास घेतल्या, तोच त्यांच्या पडद्यावर 'नमस्कार' असे लिहिलेली एक चौकट उघडली. ते दचकले. "अहो, पण आमच्या पत्त्यापुढे कुलपाचे चित्र आहे!" असे ते म्हणाले. कुलूप होते, हे खरेच. पण त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की वाटेत कोणी पत्र फोडणार नाही. पत्राच्या आतच परक्याचे अक्षर असेल तर कुलूप ते अक्षरही तितक्याच निगुतीने पोहोचविते. आम्ही नमस्कार लिहिला होता. दुसऱ्या कोणी व्यवस्थापकांचा बिल्ला मागितला असता, तर सर्व सभासदांची माहिती त्याच्या हाती गेली असती.

हा धोका कल्पनेतला नाही. ४ ऑक्टोबर २००५ रोजी अमेरिकेत सॅमी कामकार नावाच्या १९ वर्षांच्या तरुणाने मायस्पेस या त्या वेळच्या अत्यंत लोकप्रिय संकेतस्थळावर स्वतःच्या परिचयाच्या पानात एक कार्यक्रम लपविला. ते पान जो पाही त्याच्या नावाने सॅमीला मैत्रीचा प्रस्ताव जाई, त्याच्या परिचयात सॅमीच्या स्तुतीची ओळ उमटे, आणि कार्यक्रमाची एक प्रत त्याच्याही पानात उतरे. मग त्या दुसऱ्याचे पान पाहणाराही त्यात सापडे. सुमारे २० तासांत दहा लाखांहून अधिक लोक या साखळीत ओवले गेले व संकेतस्थळ काही वेळ बंद ठेवावे लागले. २००७ साली त्या तरुणाने न्यायालयात गुन्हा कबूल केला; तीन वर्षांची देखरेख, समाजसेवा आणि संगणकाच्या वापरावर निर्बंध अशी शिक्षा त्याला झाली. त्याने कोणाचे पैसे चोरले नव्हते. पण त्याच वाटेने कोणी चोर गेला असता तर काय झाले असते, हे जगाला कळून चुकले.

या प्रकरणात शिकण्यासारखे आणखी एक आहे. मायस्पेसचे चालक अगदीच गाफील नव्हते. 'जावास्क्रिप्ट' हा शब्द दिसला की तो गाळून टाकावयाचा, अशी व्यवस्था त्यांनी केली होती. सॅमीने तो शब्द मध्येच तोडून दोन ओळींवर लिहिला. गाळणीला तो ओळखू आला नाही; काही ब्राउझरांनी मात्र तो जोडून वाचला. वाईट शब्दांची यादी करून दाराशी पहारा बसविणे हा उपाय किती तोकडा आहे, हे यावरून ध्यानात येईल. वेष पालटण्याचे प्रकार अगणित आणि पहारेकऱ्याची यादी मर्यादित.

खरा उपाय निराळा आहे, आणि तो सोपाही आहे. परक्याकडून आलेली अक्षरे पानात घालताना त्यांचे आज्ञेचे सामर्थ्य काढून घ्यावयाचे. टोकदार चिन्हाच्या जागी त्या चिन्हाची सांकेतिक खूण लिहावयाची. ब्राउझर ती खूण वाचून पडद्यावर ते चिन्ह दाखवितो, पण त्याला आज्ञा मानीत नाही. वाचणाऱ्याला मजकूर पूर्ण दिसतो. कोणाचे बोलणे कापले जात नाही. फक्त त्या बोलण्याचा हुकूम होत नाही. मात्र मजकूर पानाच्या कोणत्या भागात बसणार, यावर खूण ठरते. वाक्यात एक, पत्त्यात दुसरी, कार्यक्रमाच्या पोटात तिसरी. ही सावधगिरी पाने घडविणारी आजची पुष्कळ साधने आपोआप घेतात. पण घाईच्या वेळी ती बंद करण्याची सोयही त्यांत असते, आणि दोष बहुधा तेथूनच शिरतो.

याखेरीज दुसरी तटबंदीही आहे. कार्यक्रमांना बिल्ला वाचताच येऊ नये अशी खूण बिल्ल्यावर करता येते. मायक्रोसॉफ्टने २००२ साली आपल्या ब्राउझरमध्ये ती सोय प्रथम आणली. तथापि बिल्ला चोरला नाही तरी चोराचा कार्यक्रम आपल्याच पानात बसून आपल्या नावाने व्यवहार करू शकतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. पुढे २०११ साली फायरफॉक्स ब्राउझरने आणखी एक व्यवस्था आणली. संस्था पानाबरोबर एक यादी पाठविते: 'आमचे कार्यक्रम एवढ्याच ठिकाणांहून येतील, बाकीचे चालवू नका.' गारद्यांपाशी अशी यादी असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञांनी या दोषाचे बारसे २००० सालच्या जानेवारीत केले. एवढी वर्षे लोटली, उपाय सर्वांस ठाऊक झाले, तरी तो नाहीसा झालेला नाही. याचे कारण आमच्या मते तंत्रात कमी आणि जबाबदारीत अधिक आहे. काही अपप्रकार घडला की प्रथम ग्राहकालाच विचारले जाते, 'तुम्हीच कोठे तरी भलतीकडे बोट लावले असेल!' व्यवहार संपताच खात्यातून बाहेर पडावे, ब्राउझर अद्ययावत ठेवावा, अनोळखी संदेशातील पत्ते उघडू नयेत, ही पथ्ये आपण अवश्य पाळावीत. पण खऱ्या संस्थेच्या खऱ्या पानात मिसळलेले परक्याचे अक्षर ओळखण्याची विद्या कोणत्याही ग्राहकापाशी असू शकत नाही. वाड्याच्या भिंतीला भगदाड असेल, तर 'दाराची कडी लावली होती काय' असे भाडेकऱ्यास विचारून मालकाची सुटका होत नाही.

म्हणून आपल्यापैकी जे पतपेढीचे संचालक असतील, शाळेचे चालक असतील, ग्रंथालयाचे कार्यवाह असतील, त्यांस आमची एक विनंती आहे. संस्थेचे संकेतस्थळ करून घेताना रंग व चित्रे जरूर पाहा. पण करून देणाऱ्यास हा एक प्रश्नही विचारा: 'लोकांनी लिहिलेली अक्षरे आमच्या पानात बसविताना त्यांचा हुकूम होणार नाही, याची तजवीज तुम्ही कोठे व कशी केली आहे?' उत्तर सरळ आले तर ठीक. उत्तर देताना तो अडखळला, तर काम ताब्यात घेऊ नका. आपल्या नावाचा कागद लोक विश्वासाने हाती घेतात. त्यावरील प्रत्येक अक्षराचा जाब आपणच दिला पाहिजे.