नावापुरतं उरलेलं

‘चिमण्या तर नामशेषच झाल्या हो!’ हे वाक्य हल्ली सर्रास कानावर पडतं. मुलांच्या निबंधातही ते असतंच. पण मैत्रिणींनो, या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे आपण कधी पाहतो का?

नाम अधिक शेष. शेष म्हणजे बाकी, भागाकारात खाली उरते ना, ती. ज्याचं फक्त नाव बाकी आहे, तो नामशेष. संस्कृतात हा शब्द मेलेल्या माणसासाठी वापरत. ‘कथाशेष’ही तसाच. ‘कीर्तिशेष’ तर आपण अजूनही दिवंगतांच्या नावाआधी लिहितो. मराठीत वाडे नामशेष होतात, गावं होतात, तसे प्राणी-पक्षीही.

मॉरिशसचा डोडो सतराव्या शतकात संपला. जगात एकही उरला नाही, म्हणून तो खरा नामशेष. चित्त्याचं जरा वेगळं. १९५२ साली तो भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, पण आफ्रिकेत आणि इराणात तो होताच. म्हणून तर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणता आले. तेव्हा ‘कुठून नामशेष?’ हेही सांगायला हवं.

माळढोक, गिधाडं यांना मात्र हा शब्द लावायची घाई नको. ती संकटात आहेत, संपलेली नाहीत. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि ती मरत. कारण कळलं, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. एकदा नामशेष म्हटलं की प्रश्नच मिटला. मग धडपड कोण करणार?

आपल्या खानदेशातला रानपिंगळाच बघा ना. १८८४ नंतर या छोट्या घुबडाची खात्रीची नोंदच नव्हती. तो संपला, असंच बहुतेकांनी धरलं होतं. तरी पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी शोधत आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी तो त्यांना दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

आपल्या चिमण्याही कमी झाल्यात, संपलेल्या नाहीत. मुलांच्या वहीत तेवढा शब्द दुरुस्त करूया आणि परसात पाण्याचं पसरट भांडं भरून ठेवूया.