अकोल्यातली एक बँक बुडाली तेव्हा

कपाशीवर जगणाऱ्या तेल्हाऱ्यात लिलाव कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बाजार समितीत बोली लागते, माल जातो, पैसे मालाच्या धन्याच्या हातात पडतात. लिक्विडेटर, म्हणजे अवसायक, करतो तोही लिलावच. फक्त त्याच्या लिलावात विकणाऱ्याचं स्वतःचं काहीच नसतं आणि धनी हजारो असतात: ठेवीदार, कामगार, पैसे अडकलेले व्यापारी.

बुडालेल्या संस्थेच्या किल्ल्या आणि वह्या तो आधी ताब्यात घेतो. वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन कुणाचं किती येणं आहे ते मागवतो. मग मूल्यांकन, बोली, विक्री. कारखाना असेल तर जमीन आहे, यंत्रं आहेत, निदान भंगार तरी आहे. पण बँकेत विकायचं काय? टेबलं, तिजोरी, फार तर एखादी इमारत. बँकेची खरी मालमत्ता म्हणजे तिनं वाटलेली कर्जं! आपल्या डोक्यावरचा बोजा तिच्या ताळेबंदात मालमत्तेच्या रकान्यात बसतो. म्हणून बँकेच्या अवसायकाची वर्षं विक्रीपेक्षा वसुलीत जातात. तारण शोधा, दावे लावा, हुकूमनामे मिळवा. तोवर ठेवीदारानं करायचं काय?

या प्रश्नाचं उत्तर देशाला मिळालं, त्यात आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे, आणि ही गोष्ट मला थक्क करते. 1960 साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्याच वर्षी केरळातली पलई सेंट्रल बँकही गेली. या दोन धक्क्यांनंतर संसदेनं 1961 मध्ये कायदा केला आणि 1 जानेवारी 1962 रोजी ठेव विमा महामंडळ उभं राहिलं. तेव्हा संरक्षण 1,500 रुपयांचं होतं. फेब्रुवारी 2020 पासून ते व्याजासह 5 लाखांचं आहे.

आता अवसायकानं तीन महिन्यांत ठेवीदारांची यादी द्यायची आणि पुढच्या दोन महिन्यांत महामंडळानं विम्याचे पैसे चुकते करायचे. ठेवीदार मोकळा होतो, आणि वसुलीची वाट पाहायला महामंडळ उभं राहतं. 5 लाखांवरची रक्कम असलेल्यांना मात्र अजूनही थांबावंच लागतं.

दोन गोष्टी घरात सगळ्यांना सांगून ठेवाव्यात. एकाच बँकेच्या तेल्हारा आणि अकोला शाखांत तुमच्या एकट्याच्या नावावर ठेवी असतील, तर त्या एकत्र मोजल्या जातात. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. तिथे ठेवीदाराची सारी भिस्त अवसायकाच्या वसुलीवरच.