काचेमागचा माणूस

लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स भागात रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे हंटेरियन संग्रहालय आहे. जॉन हंटर या शल्यविशारदाने जमवलेले शरीररचनेचे नमुने हा त्याचा गाभा. १७९३ मध्ये हंटर वारला, तेव्हा संग्रहात सुमारे १४,००० नमुने होते. सरकारने १७९९ मध्ये तो १५,००० पौंडांना विकत घेऊन शल्यविशारदांच्या संस्थेकडे सोपवला. १९४१ च्या बॉम्बवर्षावात त्यातला मोठा भाग नष्ट झाला. तरी जे उरले तेही थक्क करणारे आहे.

मृत शरीर टिकवायचे तर त्याचे कुजणे थांबवावे लागते. हंटरच्या काळात ओले नमुने मद्यार्कात बुडवून बरणीचे तोंड घट्ट बंद करीत. कोरडे नमुने वाळवून त्यांवर वार्निश देत. रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरले की त्यांचे बारीक फाटेही दिसू लागत. हाडे हवी असल्यास देह उकळून मांस वेगळे करीत. या कसबाला लागणारे देह मात्र कोठून येत? १७५२ च्या कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांचे देह विच्छेदनासाठी मिळत. ते पुरत नसत, म्हणून थडगी उकरली जात. बरणीवर अवयवाचे नाव असे, माणसाचे क्वचितच.

चार्ल्स बर्नचे नाव मात्र आपल्याला ठाऊक आहे. साडेसात फुटांहून उंच असलेला हा आयरिश तरुण लंडनमध्ये पैसे घेऊन लोकांना दर्शन देई. आपल्या देहावर शल्यविशारदांचा डोळा आहे, हे तो जाणून होता. म्हणून मरणानंतर आपल्याला समुद्रात सोडावे, अशी त्याची इच्छा होती. १७८३ मध्ये बाविसाव्या वर्षी तो वारला आणि देह हंटरच्या हाती पडला. पुढे दोन शतकांहून अधिक काळ त्याचा सांगाडा लोकांसमोर उभा राहिला.

त्या सांगाड्याने ज्ञान दिले, हे नाकारता येणार नाही. १९०९ मध्ये कवटी उघडून पाहिली असता पीयूषिका ग्रंथीची खोबण वाढलेली आढळली. २०११ मध्ये दातांतून मिळवलेल्या डीएनएत एका जनुकातील दोष सापडला. तोच दोष उत्तर आयर्लंडमधील आजच्या काही कुटुंबांतही आहे. अशा घरांतील मुलांचा आजार वेळेत ओळखता येतो. पण या लाभासाठी सांगाडा काचेत मांडून ठेवणे आवश्यक होते काय? संशोधन आणि प्रदर्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ मध्ये नूतनीकरणानंतर संग्रहालय उघडले, तेव्हा सांगाडा प्रदर्शनातून काढलेला होता. तो संशोधनासाठी राखून ठेवला आहे. समुद्र त्याला अजून मिळालेला नाही.

हा प्रश्न केवळ लंडनचा नाही. आपल्याकडेही १९४९ च्या शरीररचनाविषयक कायद्याने बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात; दुसरीकडे स्वेच्छेने देहदान करणारेही आहेत. विद्यार्थ्याच्या टेबलावर दोन्ही देह सारखेच शिकवतात. फरक इतकाच, की एकाने होकार दिलेला असतो आणि दुसऱ्याला कोणी विचारलेलेच नसते. बर्नने तर न विचारताच स्पष्ट नकार दिला होता. म्हणून असे प्रदर्शन पाहताना ‘हा कोणता अवयव?’ याबरोबरच ‘हा येथे कसा आला?’ हेही विचारावे. त्याचे उत्तर बरणीवरच्या चिठ्ठीत असायला हवे.