पैसे चुकते केले, तरी घरावर बोजा? लीनबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

घराचं छप्पर बदलून झालं, कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा चेक वटला आणि काही आठवड्यांनी टपालाने कागद आला: तुमच्या घरावर लीन, म्हणजे थकलेल्या पैशांपोटीचा बोजा, नोंदवला आहे. नोंदवणारा कोण, तर आपण कधी तोंडही न पाहिलेला छपराचं सामान पुरवणारा व्यापारी. अमेरिकेत घर असलेल्या कुणावरही ही वेळ येऊ शकते. अशा वेळी माणसं एक तर घाबरून मागतील तेवढे पैसे देऊन टाकतात, नाहीतर रागाने कागद खणात टाकतात. नुकसान दोन्हीकडे आहे.

लीनचे नियम राज्यागणिक बदलतात. इथे फ्लोरिडाचा कायदा घेतला आहे. टाम्पा, ऑरलँडो, जॅक्सनविल या भागांत मराठी घरं बरीच आहेत आणि वादळवाऱ्यामुळे छपराची कामंही तिथे सारखी निघतात.

गैरसमज: कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिले की आपली जबाबदारी संपली.

वस्तुस्थिती: संपत नाही. सबकॉन्ट्रॅक्टर, माल पुरवणारा, मजूर यांचे पैसे कॉन्ट्रॅक्टरने थकवले, तर कायदा त्यांना थेट तुमच्या घरावर हक्क सांगू देतो. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे अन्यायाचं वाटतं, कारण आपल्याकडे थकलेल्या बिलासाठी वसुलीचा दावा लावतात. सिमेंटचा दुकानदार परस्पर घरावर बोजा चढवू शकत नाही. अमेरिकेतला विचार असा, की भिंतीत गेलेली वीट आणि कामगाराचे कष्ट परत काढून घेता येत नाहीत, म्हणून मोबदल्याची हमी त्या वास्तूनेच द्यावी. तिथे असा पहिला कायदा 1791 मध्ये मेरीलँडने केला, वॉशिंग्टन शहर उभं राहत असताना. हक्क रास्त आहे. मालकाने एवढंच पाहायचं, की दोनदा पैसे भरण्याची वेळ येऊ नये, आणि तीही सोय कायद्यात आहे: नियमाप्रमाणे पैसे दिलेल्या मालकावर मूळ कराराच्या रकमेपलीकडे बोजा पडत नाही.

गैरसमज: नोटीस ऑफ कमेन्समेंट हा कॉन्ट्रॅक्टरचा कागद, आपला त्याच्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती: काम सुरू होत असल्याची सूचना देणारा तो मालकाचाच कागद आहे आणि सही मालकाची लागते. काम सुरू होण्याआधी तो काउंटीच्या दप्तरात नोंदवायचा आणि त्याची प्रत कामाच्या जागी लावायची. त्यात वेगळी तारीख लिहिली नसेल, तर तो एक वर्ष चालतो. हा कागद न नोंदवता किंवा त्याची मुदत संपल्यावर दिलेले पैसे कायद्याच्या दृष्टीने गैररीतीने दिलेले ठरू शकतात. मग ‘मी पैसे दिले होते’ हे उत्तर लंगडं पडतं. काम वर्षापलीकडे लांबणार असेल, तर ती तारीख आधीच लिहून घ्या.

गैरसमज: नोटीस टू ओनर आली म्हणजे लीन बसला.

वस्तुस्थिती: ही नोटीस म्हणजे पुरवठादाराने दिलेली वर्दी आहे: तुमच्या कामावर मी माल देतो आहे, माझे पैसे थकले तर माझा हक्क राहील. काम किंवा पुरवठा सुरू केल्यापासून 45 दिवसांत त्याला ती द्यावी लागते. तुमच्याशी थेट करार असलेल्या कॉन्ट्रॅक्टरला आणि मजुरांना मात्र तिची गरज नसते. नोटीस आली की रागावू नका, नाव टिपून ठेवा. ज्यांचे पैसे चुकते झाल्याचा लेखी पुरावा तुम्ही मागायचा आहे, त्यांची यादी तुम्हाला घरबसल्या मिळते आहे.

गैरसमज: क्लार्कने नोंद घेतली म्हणजे कोर्टाने मागणी मान्य केली.

वस्तुस्थिती: सर्वात जास्त घबराट हा गैरसमज पसरवतो. काउंटीतल्या क्लार्क ऑफ कोर्टच्या कार्यालयात सहसा दोन वेगळी दप्तरं असतात. एकात खरेदीखतं, गहाणखतं, लीन यांची नोंद होते. दुसऱ्यात दाव्यांची कागदपत्रं दाखल होतात. लीन पहिल्या दप्तरात जातो. कागद ठरल्या नमुन्यात आहे आणि फी भरली आहे, एवढं पाहून क्लार्क नोंद घेतो. रक्कम खरी की खोटी याचा निवाडा तो करत नाही. पैसे वसूल करायचे तर लीनवाल्याला वेगळा दावा लावावा लागतो. 2023 पासून 50,000 डॉलरपर्यंतचे दावे काउंटी कोर्टात चालतात, त्यावरचे सर्किट कोर्टात. दाव्याचं समन्स बजावलं गेलं, की उत्तर दाखल करायला 20 दिवस असतात. ही मुदत मात्र हातची घालवू नये.

गैरसमज: राहतं घर होमस्टेड आहे, त्याला कोणी हात लावू शकत नाही.

वस्तुस्थिती: फ्लोरिडाच्या राज्यघटनेने राहत्या घराला सक्तीच्या विक्रीपासून भक्कम संरक्षण दिलं आहे. पण त्याच कलमात अपवादही आहेत: कर, घर खरेदीचं कर्ज, आणि त्याच घराच्या बांधकाम-दुरुस्तीचं देणं. छपराचे थकलेले पैसे या अपवादात बसतात.

गैरसमज: लीन एकदा बसला की पैसे भरल्याशिवाय सुटका नाही.

वस्तुस्थिती: तारखा तपासा, अनेक लीन तिथेच गळतात. समजा पुरवठादाराने पहिला माल 3 मार्चला टाकला. त्याची नोटीस 17 एप्रिलपर्यंत यायला हवी. शेवटचा माल 10 जूनला आला, तर 90 दिवसांत, म्हणजे 8 सप्टेंबरपर्यंत, लीन नोंदवला गेला पाहिजे. आपल्याच कामातली चूक दुरुस्त करायला नंतर कुणी येऊन गेलं, तर त्या फेरीने हे 90 दिवस वाढत नाहीत. नोंदीनंतर एका वर्षात दावा लावला नाही, तर लीन संपतो.

वर्षभर थांबायचं नसेल, तर मालक लीनला आव्हान देणारी नोटीस ऑफ कंटेस्ट नोंदवू शकतो. मग लीनवाल्याला 60 दिवसांत दावा लावावा लागतो, नाहीतर हक्क आपोआप जातो. घर विकायची घाई असेल, तर कायद्याने ठरवलेली रक्कम किंवा बाँड क्लार्ककडे जमा करून बोजा घरावरून त्या ठेवीवर हलवता येतो. जाणूनबुजून फुगवलेली मागणी हा बचाव ठरतोच, शिवाय फसवा लीन नोंदवणं हा फ्लोरिडात फौजदारी गुन्हा आहे. आणि परवाना लागणारं काम परवान्याशिवाय करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला लीनचा हक्कच नाही.

मग मालकाने काय करावं?

परवाना पाहूनच करार करा. प्रत्येक हप्त्याच्या वेळी, नोटीस पाठवलेल्या प्रत्येकाकडून तेवढ्या रकमेचं लेखी रिलीज, म्हणजे लीनचा हक्क सोडल्याचा कागद, घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी कॉन्ट्रॅक्टरचं अंतिम प्रतिज्ञापत्र मागा. कुणाचे किती पैसे बाकी आहेत, हे त्यात शपथेवर लिहिलेलं असतं. बाकी दिसली, तर ती रक्कम हातात राखून ठेवा आणि ज्याची त्याला पोहोचेल असं पाहा. काउंटीच्या दप्तरातल्या नोंदी ऑनलाइन बघता येतात, तिथे आपलं नाव शोधा. आणि लीन नोंदवला गेलाच, तर आलेल्या कागदावरची तारीख, नोटिशीची तारीख आणि पैसे दिल्याच्या पावत्या घेऊन त्याच आठवड्यात बांधकाम कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे जा. छपरावर घाम गाळणाऱ्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, पण ते एकदाच. आणि हप्त्यागणिक घेतलेलं रिलीज दोघांचंही रक्षण करतं.